शिंप्याने बांधलेली चाकांवरची खोली

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच घालतो आहे, कंबर धरली आहे, प्रत्यक्षात घातला तर उठवायला माणूस लागेल.) गुडघा कसा आहे? ‘बरा आहे’ असं लिहू नकोस, सुजलेला असतानाही तू तेच लिहितेस.

भावजी गेल्यापासून तू एक रात्रही घराबाहेर काढली नाहीस. कुणाकडे पाहुणी म्हणून राहणं नको, हा तुझा हेका. म्हणून मी चाकांवरची खोलीच बांधायला घेतली. गाडीमागे जोडायची, तळ्याकाठी उभी करायची, छप्पर वर उचललं की चारी बाजूंना कापडी भिंती आणि आत बिछाने. शिंप्याने प्लायवूडला हात लावू नये, असं हिचं म्हणणं होतं. मी ऐकलं नाही. (लग्नापासूनची सवय.)

पहिला घोळ मापाचा. हाताला वळण पडलेलं, त्यामुळे प्रत्येक फळी कापताना शिवणीसाठी दोन बोटं जास्त सोडत गेलो. लाकडाला शिवण नसते हे लोखंडी सांगाडा करणाऱ्या वेल्डरने सांगेपर्यंत सगळ्या फळ्या कापून झाल्या होत्या. खोली ऐसपैस झाली, पण त्याला सांगाडा पुन्हा जोडावा लागला आणि तो अजून माझ्याशी धड बोलत नाही. मग भिंती. कापड हातात आल्यावर मला राहवेना. अस्तर लावलं, खिडक्यांना गोट लावला, खिसे दिले (चष्म्याला वेगळा, तुझ्या गोळ्यांना वेगळा). छप्पर झोकात वर गेलं आणि खाली येईना, कारण एवढ्या जाड कापडाच्या घड्या मावायला जागाच नव्हती. मी वर बसलो, ही बसली, शेजारचा न्हावी गिऱ्हाईक अर्ध्यावर सोडून येऊन बसला. छप्पर आमच्यापेक्षा हट्टी निघालं. शेवटी अस्तर उसवलं. खिसे ठेवले.

काल दुपारी आत पडून पाहिलं. वारा छान येतो. भावजी असते तर आत शिरताच चहा मागितला असता. त्यांची फार आठवण झाली, ताई. तुझी त्याहून जास्त.

तुझा,
धाकटा

ता. क. खोली दुकानामागच्या बोळात उभी आहे. ती जोडायला गाडी उलटी आत घालावी लागते, आणि मला तर सरळ पुढेसुद्धा जमत नाही. तू इतकी वर्षं शाळेची बस चालवलीस. तेव्हा पाहुणी म्हणून नको, ड्रायव्हर म्हणून ये.

आणखी एक. गाडी हिलाही येते आणि ती तूच शिकवलीस, हे तुला आठवेलच. हिला विचारलं, आता काय लिहू? म्हणाली, “वन्संना कळवा, मी विसरले.”