लॉइसबाईंना विचारलेले प्रश्न

४ सप्टेंबर
लॉइसबाईंनी आज पुन्हा तीच गोष्ट सांगितली. वय चौऱ्याऐंशी, इथल्या उपनगरात, शॉमबर्गला एकट्या राहतात. काळ्यांना गोऱ्या वस्तीत घरं मिळावीत म्हणून लढलेल्या, माझ्या प्रबंधातल्या सहाव्या गोऱ्या चळवळवाल्या. १९६६ साली एखाद्या काळ्या जोडप्याला दलालाने ‘घर गेलं’ म्हणून वाटेला लावलं, की तासाभरात लॉइसबाई आपल्या नवऱ्याला घेऊन तेच घर बघायला जायच्या. या गोऱ्या जोडप्याला लगेच कॉफी! मग दलालाला रंगेहाथ पकडायचं. चर्चने दिलेलं मानपत्र भिंतीवर आहे. मला तीनदा दाखवलं.

११ सप्टेंबर
मुद्दाम विचारलं — त्यातल्या एखाद्या जोडप्याचं पुढे काय झालं? म्हणाल्या, एकांना घर मिळालं, लॉइसबाईंच्याच घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. खिडक्या फुटल्या. आठ महिन्यांत निघून गेले. त्यांची नावं आठवत नाहीत म्हणे! मानपत्राची तारीख मात्र पाठ.

१४ सप्टेंबर
आमच्या फ्लॅटमधली तिसरी खोली रिकामी आहे. त्यासाठी नांदेडच्या कांचनचा फोन आला. माझ्या रूममेटने, दीपाने, स्पीकरवर ठेवला होता. मीही दोन वाक्यं बोलले, मुलगी छान वाटली. शेवटी दीपाने आडनाव विचारलं. कांबळे. ‘अगं सॉरी, रूम आत्ताच गेली,’ दीपा म्हणाली. कुणीही घेतलेली नाही!

मी भांडले. चांगला तासभर भांडले. ती म्हणाली, ‘यार, तू थीसिस लिही ना. आपल्यातली कोणीतरी मिळेल.’ मग तिनेच पिठलं टाकलं. दोघी जेवलो.

१८ सप्टेंबर
खिडक्या फुटल्या तेव्हा तुम्ही कुठे होतात? लॉइसबाईंनी आधी मानपत्राकडे पाहिलं. मग म्हणाल्या, ‘घरीच. दगड मारणारे माझे शेजारी होते. मला त्यांच्यातच राहायचं होतं.’

मला कीव नाही आली. संताप आला. मोर्च्यात पुढे, फोटोत पुढे, आणि खरी वेळ आली की हे लोक घरात! माझ्या गाइड सरांना लॉइसबाईंचं ते वाक्य फार आवडलं. प्रकरण त्यानेच सुरू करायचं ठरलं.

२२ सप्टेंबर
कांचनने युनिव्हर्सिटीत तक्रार केली आहे. मला मेल आली. ‘ताई, तुम्ही फोनवर होतात. रूम खरंच गेली होती का, एवढंच लिहून द्याल?’ दीपाला अजून काही माहीत नाही. लीज तिच्या नावावर आहे.

२३ सप्टेंबर
कांचनला उत्तर पाठवलं: ‘शेवटी काय बोलणं झालं मला माहीत नाही, मी आंघोळीला गेले होते.’