डोन्या ओर्तेन्सियाचा जनरेटर

प्रिय निल्दा,

उशिरा लिहितोय, रागावू नकोस पोरी. वादळापासून आपल्या उतुआदो गावचं टपाल बंद आहे. हे पत्र कुणाच्या हाती द्यावं तेही कळत नाही.

तुझा नवरा एफ्राइन सोमवारी वीज जोडायला आपल्याच गल्लीतल्या खांबावर चढला. तो तारेला अर्थिंग लावायला लागला, तर खालून सगळे ओरडले, "अरे, महिनाभर मेलेल्या तारेला काय भितोस? आधी लाइट दे!" तो हसला आणि त्याने तसाच हात घातला. तेवढ्यात शेजारच्या डोन्या ओर्तेन्सियाने मेन स्विच बंद न करताच जनरेटर सुरू केला. तिच्या घरातली वीज उलटी तारेत गेली. पोर जागीच गेलं.

ती खूप रडली. मग म्हणाली, "डॉन सेराफिन, आता दुसरा वायरमन कधी पाठवतील हो?"

बर्फ कुठेच मिळत नाही. तू येईपर्यंत एफ्राइनला तिच्याच एसीच्या खोलीत ठेवलंय, त्याच जनरेटरवर. शनिवारी ती एसी बंद करणार आहे. जनरेटरवर एसी आणि फ्रीजर दोन्ही चालत नाहीत, फ्रीजरमधलं डुकराचं मटण नासतंय म्हणते. मी तिच्या हातापाया पडतो आणि रोज माझ्याच हाताने त्या जनरेटरमध्ये पेट्रोल ओततो.

तुझी वाट पाहू की त्याला पुरू? लवकर कळव गं.

तुझा बाबा,
सेराफिन