शंकरला मिशा नव्हत्या

माझा धाकटा भाऊ शिवशंकर शेवटच्या सुट्टीवर आला, तेव्हा हसनाबादच्या घराच्या पायरीवर बसवून मी त्याला काजळाने मिशा काढल्या होत्या. "आक्का, जरा जाड काढ. पलटणीत समदे मला पोरगी म्हणून राह्यले," म्हणाला. आई इतकी हसली की तव्यावरची भाकर करपली. मग तिनेच पदराने त्या पुसल्या. तो वीस वर्षांचा होता. त्याच वर्षी, १९८७ साली, तो समुद्रापलीकडे श्रीलंकेत लढताना मारला गेला. देह आला नाही. एक काळी ट्रंक आली.

मी, प्रेमला सांडू पांढरे, वय त्रेसष्ट, अविवाहित, निवृत्त शिक्षिका, राहणार नवीन जालना, माझ्यामागची व्यवस्था स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. किळस आली आहे, पण ती काही आजारात मोडत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले.

१. जालन्याच्या माझ्या दोन खोल्या मोनालीला. ती माझ्या थोरल्या भावाचा मुलगा काकासाहेब याची मुलगी. बँकेतील शिल्लक कॉन्व्हेंटला. तिथल्या सिस्टरांनी आपल्या चौकीदाराच्या मुलीला, म्हणजे मला, फुकट शिकवले.

२. हसनाबादच्या वेशीजवळची जागा वडिलांनी माझ्या नावे केली होती. तिथे शंकरचे स्मारक करू द्यावे, असे काकासाहेब म्हणाला. मी होकार दिला आणि फोटोही दिला. फोटो त्याने उघडून पाहिला नाही. कुठून तरी तयार पुतळा आणला, झुपकेदार मिशांचा, चाळिशीच्या माणसाचा. खाली कोरले, 'पाकिस्तान सीमेवर शहीद'. मी हरकत घेतली तर म्हणाला, "आत्या, बिगर मिशीचा शहीद कोण मानतंय? अन् श्रीलंका कोणाला समजून राह्यली? बॉर्डर बराबर बसतं."

मी तेव्हाच पुतळा उतरवला असता. पण आईला नीट दिसत नव्हते. तिने त्या मिशांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "मोठा झाला गं माझा शंकर." त्या वाक्यासाठी मी ती थट्टा बारा वर्षे सोसली.

आई गेली. आता काकासाहेबानेही तशाच मिशा वाढवल्या आहेत. निवडणुकीच्या फलकावर पुतळ्याशेजारी स्वतःचा चेहरा छापतो आणि काकाचे रक्त बोलते म्हणून सांगतो. मागच्या झेंडावंदनाला मोनालीने मला हळूच विचारले, "आजी, ते खरंच असे दिसत होते?" घरातलीच पोर विचारते. आणखी वीस वर्षांनी विचारणारेही कोणी उरणार नाही, आणि तोच चेहरा खरा होईल.

३. म्हणून ती जागा मोनालीला. तिने जुनी पाटी काढून नवी लावावी: 'शिवशंकर सांडू पांढरे. वय वीस. श्रीलंका, १९८७.' वाघ, अमर, सुपुत्र असले काही नको.

४. काळी ट्रंक मोनालीला. आत त्याचा खरा फोटो आणि माझी काजळाची डबी आहे. दोन्ही एकत्रच राहू द्यावे.

५. पुतळा फोडू नये. काकासाहेबाच्या दारात नीट पोचवावा. मिशा त्याच्याच आहेत.

प्रेमला सांडू पांढरे
साक्षीदार: डॉ. राजानंद खरात, उषाबाई तातेराव गाढे, शेजारीण
नवीन जालना, ९ नोव्हेंबर २०२५