पाणी पिणारा बुश

॥ बिरोबा प्रसन्न ॥
पाचोड, ता. ४ नोव्हेंबर २०२५

चि. प्रांजलीस आज्जीचे तोंडभरून आशीर्वाद. वि. वि. फोनवर तू सारखी घाईत, म्हणून हे पत्र कारभारीच्या भाजीच्या टेम्पोत देते. अक्षर वाकडं हाय, मान वाकडी करून वाच.

तू वाळूजच्या कारखान्यातून धाडलेला पांढरा बुश, ती आसावर चढवायची नळी गं, विहिरीच्या गडगडीत बसवला. पयल्या दिवशी बादली अशी वर आली, जणू कोणी खालून ढकलतंय. तिसऱ्या दिवशी गडगडी गच्च! तुझा बाप बिरू म्हणला, आई, दुखऱ्या खांद्यानं शेळ्यांचं पाणी कुठवर वढशील, रविवारी बाजारात शेळ्या इकतोच. मी म्हणलं, आधी मला इक, दात नसलेल्या म्हातारीला काय भाव येतो बघ. हसला नाय.

बुश नायलॉनचा, व्हय ना? मी गल्लीभर सांगून ठिवलं, नात साबुदाण्याच्या कारखान्यात हाय. शेजारची सारजाबाई म्हणती, मग भिजून फुगलाच आसंल. काय ते बिगीनं कळव. जीव लावतीस तसा लावत राहा.

तुझी आज्जी, आक्काबाई

वाळूज, ता. ६ नोव्हेंबर

ती. आज्जीस प्रांजलीचा सा. न. वि. वि. पत्र वाचून खोलीतल्या मुली हसून लोळल्या. अगं, नायलॉन साबुदाणा वेगळा! हे चिवट प्लास्टिक. तुझी शेळ्या बांधायची दोरी त्याचीच. आम्ही त्याची दातेरी चाकं करतो. लोखंडापेक्षा हलकं, गंजत नाही, तेलावाचून फिरतं. पण पाणी पितं आणि फुगतं. बाहेरून लोखंडी चाकाचा वेढा, मग फुगणार कुठं? आतल्या भोकाकडं. म्हणून आस आवळला. घरची गडगडी म्हणून मी लाडानं अगदी घट्ट माप ठेवलं, तिथंच चुकलं.

हा दुसरा बुश उकळत्या पाण्यात ठेवून पोटभर पाजलाय, मग भोक आसापेक्षा जरा सैल कातलंय. बाबांना म्हणावं, एवढा एक बाजार जाऊ द्या. माया असू दे.

तुझी प्रांजली

पाचोड, ता. १७ नोव्हेंबर

चि. प्रांजलीस आज्जीचे आभाळाएवढे आशीर्वाद. वि. वि. गडगडी फिरती गं! एका हातानं बादली वर, दुसऱ्यानं पदर सावरते. सारजाबाईला नायलॉन म्हंजी काय ते नीट समजावलं. कळलं म्हणली, पण एकादशीला साबुदाणा पाठवच म्हणती.

एक नवंच खूळ झालंय. गडगडीची जुनी किरकिर ऐकून शेळ्या रानातून पळत यायच्या. आता आवाजच नाय! हौद भरलेला, शेळ्या बाभळीखाली. मग तुझा बापच विहिरीवर उभा राहून हाका मारतो. काल बाजारातला माणूस सौदा करायला दारात आला, तर त्याला म्हणला, जा बाबा, आत्ता कुठं त्या माझं ऐकायला लागल्यात.

अशीच आठवण धरत जा.

तुझी आज्जी, आक्काबाई