लोणच्यातली देठं

जबलपूर, १२ जून १९९८

तीर्थरूप आईस,
छायाचा दुरूनच पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

करवंदाच्या लोणच्याची बरणी पोचली. ह्यांनी जेवताना दोनदा मागून घेतलं. आम्ही मजेत आहोत.

पण आई, यंदा करवंदांना देठं तशीच होती. एक काटाही निघाला, तो मी ह्यांच्या नजरेला पडू दिला नाही. तू तर एकेक देठ खुडून, चीक धुऊन मगच मीठ लावायचीस. घाईत होतीस का? डोंगरात जाळीपाशी एकटीच गेलीस? तुला नीट दिसतं ना गं? दादाबरोबर नाशिकला जाऊन डोळे तपासून घे.

गेली तीन पत्रं वहिनीच्या अक्षरात आली. छान लिहिते ती. पण ह्याचं उत्तर तू लिही. वाकड्यातिकड्या दोन ओळी चालतील.

तुझीच,
छाया