स्थळ आलं ताकदीच्या गोळ्या मागायला

सगळ्यात आधी वर आल्या त्या मुलाच्या आई, कौशल्याबाई. त्यांच्या मागं मुलगा धम्मरत्न, हातात आईची पर्स. आणि मुलाचे वडील अर्जुनराव पंधरा मिनिटांनी, जिन्यात दोनदा बसून. (लिफ्ट बंद होती. सोसायटीला पाव्हणे आले की तिला बरोबर कळतं.) पण थांब, आधी रीतीचं लिहिते. चि. उद्धव, तुला नि घरच्या सगळ्यांना सोजरअक्काचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद. गुडघा काय म्हणतो? तेल चोळतोस का नुसता बाटलीकडं बघतोस? फोनवरच बोलले असते, पण तुझ्याकडं स्पीकर लावून बोलतात, नि हे सगळ्या निघोज्याला ऐकवायचं न्हाई, म्हणून चार अक्षरं खरडते.

तर स्थळ तूच आणलेलं. मुलगा वाकडला कॉम्प्युटरच्या कंपनीत, शांत, माझ्या नातीहून, मिनलहून, एका वर्षानं मोठा, म्हणजे चौतीस वर्षांच्या पोरीला याच्यापेक्षा बरं काय मिळणार? आणि तूच बजावलं होतंस, की अक्का, टीबीचं नाव काढू नकोस, पोरगी त्या जंतूंत काम करते कळलं तर तिच्या हातचं पाणी कुणी पिणार न्हाई. वर म्हणालास, मी पाव्हण्यांना सांगून ठेवलंय की ती ताकदीच्या गोळ्यांवर संशोधन करते. मीही बरं म्हटलं. मिनलला यातलं काही माहीत नव्हतं, तिनं मला त्याच दिवशी सोलून काढलं असतं. बारा वर्षं झाली चाकणच्या बाजूला त्या प्रयोगशाळेत जातेय. मी एकदा विचारलं, बाई, एवढ्या वर्षांत किती गोळ्या केल्यास? म्हणाली, एकही न्हाई आजी, एक औषध उंदरापर्यंत पोचलंय. (उंदीर बरा झाला. मग त्याच औषधानं त्याचं काळीज बिघडलं, म्हणून ते औषध पण गेलं. त्या दिवशी पोरगी जेवली नव्हती.) तो जंतू म्हणे अंगावर मेणाचं जाड कातडं घालून बसतो, औषध आतच शिरत न्हाई. आणि वाढायला इतका आळशी, की ताटलीत ठेवला तर नजरेला पडायला तीन-चार आठवडे लावतो. आपलं दही रात्रीत लागतं. पण पोरगी रोज आठच्या बसला हजर.

बरं, पाव्हणे बसले. मिनलनं चहा आणला, कौशल्याबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं, मी तिच्या हातच्या पुरणपोळीची थाप मारली (ती तिनं आजवर लाटलेली न्हाई), सगळं कसं सुरळीत. तेवढ्यात अर्जुनराव कप ठेवून पुढं सरकले आणि म्हणाले, "पोरी, तुमच्या कंपनीच्या त्या ताकदीच्या गोळ्या मला दे की. दोन महिने झाले, अंगात जीव न्हाई. पट्ट्याला तीन भोकं नवीन पाडली. आणि हा खोकला."

मिनलनं माझ्याकडं बघितलं. उद्धवा, मी छताकडं बघितलं.

मग ती उठली आणि घरातल्या झाडून सगळ्या खिडक्या उघडल्या. आमचे हे आज्ञाधारक, त्यांनी पंखा पाचावर टाकला, शेव उडून धम्मरत्नाच्या केसांत. आणि पोरगी खुर्ची ओढून अर्जुनरावांना प्रश्न विचारायला बसली. खोकला किती आठवडे? संध्याकाळी ताप? झोपेत घाम? बेडका पडतो? रक्त? कौशल्याबाई लालबुंद. म्हणाल्या, "आम्ही मुलगी बघायला आलोय का एक्स-रे काढायला?" तर ही शांतपणे म्हणते, "काकू, मी टीबीच्या औषधांवर काम करते. ताकदीच्या गोळ्यांचं कुणी सांगितलं ते मला माहीत न्हाई. पण उद्या सकाळी काकांची थुंकी तपासायला द्या." पाव्हण्यांनी लाडवाला हात न लावता पायऱ्या धरल्या. धम्मरत्न तेवढा दारातून परत वळला नि थुंकीची डबी कुठं मिळते विचारून गेला. मी त्या दिवशी पोरीशी बोलले न्हाई. हातातलं स्थळ गेलं म्हणून आतल्या खोलीत डोळे पुसले, खोटं कशाला बोलू.

चौथ्या दिवशी कौशल्याबाईंचा फोन. टीबीच निघाला, साधा, गोळ्यांनी बरा होणारा. बाई ढसाढसा रडत होत्या. नवऱ्याची भीती होतीच, पण जास्त रडू सोसायटीत कळेल याचं. तेव्हा मी त्यांना जे सांगितलं ते तुला पन्नास वर्षांत सांगितलेलं न्हाई. माझा धाकटा पोटात राहायच्या आधी मी तीन महिने माहेरी येऊन राहिले होते ना? भांडण नव्हतं झालं. मला टीबी झाला होता. सासूला कळू नये म्हणून यांनीच मला आणून सोडलं, आणि शिफ्ट सुटली की सायकल मारत दवाखान्यात इंजेक्शनला न्यायला यायचे. तुला वाटलं यांनी मला हाकललं, आणि तेव्हापासून तू यांच्याशी धड बोलला न्हाईस. हे बिचारे आजवर गप. कौशल्याबाई ऐकून नाक शिंकरून म्हणाल्या, मग तुम्ही तर ठणठणीत दिसता! म्हटलं, बाई, जिना मी एका दमात चढते.

आता महापालिकेच्या दवाखान्यातून गोळ्या चालू आहेत. घरातल्या बाकीच्यांची पण तपासणी झाली, कुणाला काही न्हाई. पहिल्या दिवशी लघवी नारिंगी झाली म्हणून अर्जुनरावांनी मिनलला कंपनीत फोन लावला, तिनं समजावलं की गोळीचा रंग आहे, घाबरू नका. महिन्यात पट्ट्याची दोन भोकं भरून निघाली. आणि झालं, गडी म्हणायला लागला, मी बरा झालो, आता गोळ्या पुरे! कौशल्याबाईंनी परत मिनलला फोन केला. ती म्हणाली, इथंच सगळे घसरतात काकू. मधेच सोडल्या तर जंतू औषधाला दाद देईनासा होतो, आणि मग मला अजून बारा वर्षं. शेवटी फोन अर्जुनरावांच्या कानाला लावायला सांगितला आणि म्हणाली, काका, लग्नाला हो का नाही ते मी तुमची शेवटची गोळी संपल्यावर सांगणार, सहा महिने पुरे झाल्यावर. तेव्हापासून बाई रोज सकाळी नवऱ्याला आ करायला लावून जिभेखाली बघतात.

घरच्यांना विचारल्याचं सांग. तेल चोळ.

तुझी
सोजरअक्का

ता. क. ताकदीच्या गोळ्यांची थाप तुझी, हे मी सगळ्यांना सांगून टाकलंय. माझ्या वयाकडं बघून मला कुणी रागवेना, तर म्हटलं राग काढायला तुझं नाव पुढं करावं. येऊन एकदा माफी माग. आणि यांच्याशी चार शब्द बोल रे. चहा ते करतील.

ता. क. २. मिनलचं हो आहे. गेल्या शनिवारी निगडीच्या बस स्टँडमागं ती आणि धम्मरत्न एका प्लेटीत दोन चमचे घालून मिसळ खाताना मी डोळ्यांनी बघितलं. पण अर्जुनरावांच्या कानावर जाऊ देऊ नकोस, आज कळलं तर उद्या गोळी थुंकेल तो माणूस. तुझं तोंड मला माहीत आहे, म्हणून शपथ घालते. शेवटची गोळी फेब्रुवारीत, शनिवारी संपते. लगेच दुसऱ्या दिवशी, म्हणजे फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी दहाला, पाव्हणे तिघंही उत्तर ऐकायला येतो म्हणालेत.