एक कागद कमी

प्रिय नवरोबा,

आयुष्यभर तुला अहो-जाहो केलं, आज अरे-तुरे करतेय. वाईट वाटून घेऊ नकोस. वाईट वाटण्यासारखं पुढे पुष्कळ आहे. आधी खुशाली. मी ठणठणीत आहे. हॉस्पिटलच्या लाँड्रीत मला इस्त्रीच्या मशीनवरून काढून चादरींच्या मोजणीवर घेतलंय, त्यामुळे दिवसभर वाफेत उकडून निघायचं नाही. दारावरच्या पाटीवर तुझं नाव अजून आहे. तूच काढू दिलं नाहीस ना.

मी या देशाच्या नागरिकत्वाचा अर्ज करतेय. हो, मीच. हिला दोन ओळी धड लिहिता येत नाहीत असं म्हणत जिचे सगळे कागद तू तुझ्या कपाटात कुलूप लावून ठेवायचास, ती. पगाराच्या पावत्या, घरभाड्याचे करार, कराचे कागद, सगळं लावून झालं. गावच्या पोलिसांचा दाखला सासूबाईंनी स्वतः खेटे घालून मिळवला. माझ्या पोराने केलं ते मला निस्तरता येत नाही, एवढं तरी करते, म्हणाल्या. त्या फोनवर रडल्या, मग मीही रडले. फोटो काढताना फोटोवाला म्हणाला, हसायचं नाही, तोंड मिटून समोर बघायचं. म्हटलं, बाबा रे, संसारात दुसरं काय केलं!

आपण इथे आलो तेव्हा नोकरी मला लागली होती आणि तू माझ्या कागदावर, माझा नवरा म्हणून आलास. तेव्हा लाजायचास. थंडीत माझी शिफ्ट सुटली की बसस्टॉपवर उभा असायचास, माझे हात स्वतःच्या खिशात घालायचास. ते खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त राग येतो. मग ती शिवणकामाच्या दुकानवाली भेटली आणि तू तिच्या दुकानावरच्या खोलीत राहायला गेलास. जाताना मला सांगितलंस, कागदावर आपण एकत्रच राहू, नाहीतर मला परत जावं लागेल. मी ते चालू दिलं. आयत्या बिळावर नागोबा, आणि बीळ झाडून-पुसून ठेवणारी मी.

आता पुढे ऐक. अर्जात मी खरं लिहिलं, की नवरा वेगळा राहतो. अर्जाचं काम बघणाऱ्या वकीलबाईंनी डोक्याला हात लावला. कारण तू दरवर्षी तुझ्या इथे राहण्याच्या परवान्याच्या कार्डासाठी लिहून देतोस की तू माझ्याबरोबर राहतोस. तू दुसरीकडे राहतोस याचा पुरावा नसेल, तर खोटारडी मीच ठरणार आणि माझा अर्ज फेटाळला जाणार. चोर सोडून संन्याशाला फाशी! तुला फोन केला, विनवण्या केल्या, की एकदा तरी खरं सांग. तू हसलास. म्हणालास, या खोलीवर माझ्या नावाचा चिटोराही येत नाही, सिद्ध करून दाखव. ते हसणं चादरी मोजताना माझ्या कानात वाजायचं आणि मोजणी चुकायची. तेव्हाच ठरवलं, तुला सोडायचं नाही.

परवा तुझं नवं कार्ड माझ्या पत्त्यावर आलं. मी फोनवर गोड बोलले. कार्ड हवं होतं, म्हणून तूही गोड बोललास. दुकानावरच्या खोलीतच पाठव, मी संध्याकाळी घरीच असतो, असं तुझ्याच तोंडून आलं.

कार्ड याच पाकिटात आहे, मी शब्दाची पक्की. पण ते साध्या टपालानेही आलं असतं. मी रजिस्टर केलं, तेही असं, की पोस्टमन पाकीट ज्याचं त्यालाच, ओळख पटवून, राहत्या घरी देतो आणि सही घेतो. तुझी सही, त्यावर तिचा पत्ता आणि तारीख, अशी पोच आता माझ्याकडे येईल. वकीलबाई म्हणाल्या, टपालखात्याची पोच चालेल, फाईलला तेवढाच कागद कमी आहे. खरं तर पाकिटात कोरा कागद घातला असता तरी भागलं असतं. पण आपण दारात उभं राहून कशावर सही केली, हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं होतं.

तुझीच, कागदोपत्री अजून थोडे दिवस,
बायको